बिनपट्टीची कलमं

आमच्या डोंगरातलं नासपतीचं झाड स्वतःच्या डोळ्यावर, म्हणजे स्वतःच्या कळीवर, फळ धरत नाही असं नाही. धरतं. पण ते फळ टणक आणि रेताड असतं. माकडंसुद्धा एक चावा घेऊन उरलेलं मालकाच्या दिशेनं भिरकावतात. गोड फळाला कडक थंडी लागते, आणि तशी थंडी तैवानच्या या खोऱ्यात पडत नाही. म्हणून दर हिवाळ्यात जपानहून फुलांच्या डोळ्यांच्या काड्या खोक्यांतून येतात, शीतगृहात पडून राहतात आणि मग एकेक काडी आमच्या फांद्यांवर कलम करावी लागते. दरवर्षी, नव्यानं. ही युक्ती पहिल्यांदा कुणी काढली याबद्दल वाद नाही. खोऱ्यातली निम्मी घरं तो आपलाच आजा होता असं सांगतात.

कलमाला दोन माणसं लागतात. पुढं चाकूवाला. तो फांदीच्या खुंटाला चीर देतो, काडीची पाचर करतो, सालीला साल भिडवून ती बसवतो आणि पुढच्या फांदीकडे सरकतो. मागं पट्टीवाला. तो प्लॅस्टिकची पातळ पट्टी ताणून जोड गुंडाळतो, पाणी शिरणार नाही असा बंद करतो. चाकूवाल्यानं मागं बघायचं नसतं. बघितलं तर वेळ जातो आणि पट्टीवाल्याचा अपमान होतो.

चान छिंग-होच्या बागेत पट्टी त्याच्या आईकडे होती. चाओ-मेई आजी आधी नवऱ्याच्या मागं चालली, मग मुलाच्या मागं. पट्टीचं रिळ तिच्या कमरेला असायचं आणि ते तिनं कधी कुणाच्या हातात दिलं नाही. सुनेनं लग्नानंतर एकदा मागितलं होतं. सून आता शहरात यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं आजी म्हणते.

त्या वर्षी जानेवारीत थंडीची लाट आली आणि तिच्या पाठोपाठ पाऊस. नुकतीच बांधलेली कलमं भिजली, उमलू लागलेले डोळे काळे पडले. छिंग-होनं सकाळी शिडीवर चढून एक डोळा नखानं सोलला, वास घेतला, आणि उतरून नुसता उभा राहिला. शीतगृहात राखून ठेवलेली दुसरी खोकी आणायची, सगळं पुन्हा करायचं. मदतीला ठरलेलं मजूर जोडपं खालच्या खोऱ्यात स्ट्रॉबेरीवर निघून गेलं होतं. तिथं छपराखाली काम असतं. मग घाईघाईत ओल्या शिडीवरून छिंग-हो घसरला आणि हातातल्या चाकूनं त्याच्याच अंगठ्याच्या शिरेला चीर दिली. चीर अगदी सरळ होती. डॉक्टरांनीही तसं सांगितलं.

घरात चाकू धरता येईल असं एकच माणूस उरलं. त्याची नववी चालू होती.

रुओ-लिन लहानपणापासून बापाच्या शिडीखाली वाढलेली. तिनं चाकू उचलला, धार अंगठ्यावर पाहिली आणि पहिल्या झाडाला हात घातला. पहिल्या दिवशी तिच्या चिरा वाकड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी खोल गेल्या. मग हाताला कळलं. रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी काखेत उतरायचं, मान वर करून करून ताठ व्हायची, बोटांच्या टोकांना भेगा पडून त्यात झाडाचा चीक भरायचा. मागून आजीच्या पट्टीचा आवाज यायचा, चर्र, चर्र, आणि मग पट्टी तोडल्याचा टच्च. त्या आवाजावर रुओ-लिनचा हात चालायचा. आवाज जवळ आला की घाई करायची, लांब पडला की दम खायचा.

एकदा तिनं वळून पाहिलं.

"मागं काय बघतेस?" आजी खेकसली. "तिथं काय सिनेमा लागलाय?"

"नीट बसलंय का बघत होते."

"ते मी बघते. पुढं चल. मागं मी आहे."

आठवडा उलटला तेव्हा वर्गशिक्षिका ल्याओ बाई स्कूटरवरून बागेत आल्या. त्या शहरातल्या. त्यांच्या पांढऱ्या बुटांना चिखलाचा अनुभव नव्हता, तो त्या दिवशी आला.

"रुओ-लिन, खाली ये."

"एवढी फांदी झाली की येते, बाई."

"मी तुझ्या गैरहजेरीबद्दल बोलायला आलेय."

"मग तर फांदी होऊ दे," छिंग-हो म्हणाला आणि बाईंना बसायला काड्यांचं उलटं खोकं दिलं. खोक्यावर जपानीत लिहिलं होतं. बाई त्यावर बसल्या. "रजेचा अर्ज दिला होता की मी."

"चान साहेब, कारणाच्या जागी तुम्ही 'कलम' असं लिहिलंत. शाळेत त्याला कारण म्हणत नाहीत. नुसतं 'ताप' लिहा. डॉक्टरचं मी बघते."

छिंग-होनं बांधलेला अंगठा छातीशी धरला. "कलमं धरायच्या दिवसांत घरात आजार लिहायचा? बाई, झाडाला कळतं."

"झाड अर्ज वाचतं?"

"आमच्या आईला विचारा."

आजीनं मान हलवली. वाचतं.

बाईंनी सुस्कारा टाकला आणि सगळं समजावून सांगितलं. रुओ-लिनला तालुक्याच्या शेतकी विद्यालयात फळबाग शाखेत जायचं आहे, हे ठीक. पण ती शाखा आता पूर्वीची राहिली नाही. पूर्वी जिथं कुठंच जागा न मिळालेली पोरं यायची, तिथं आता शहरातली हुशार मुलं अर्ज करतात, कारण तिथं पहिला नंबर काढणं सोपं आणि तिथल्या पहिल्या नंबरला सरकारी विद्यापीठाचं दार उघडतं. पालकांना हा शोध लागल्यापासून रांग वाढली. प्रवेशाला दोन दारं. पुढचं दार मे महिन्यातल्या मोठ्या परीक्षेचं: प्रत्येक विषयाला अ, ब किंवा क, त्यात हजेरीचे गुण, समाजसेवेचे गुण, शारीरिक क्षमतेचे गुण मिळवायचे. बाजूचं दार एप्रिलमध्ये, प्रात्यक्षिकाचं. त्यातून थोड्याच जागा.

"पुढच्या दारानं अवघड आहे," बाई म्हणाल्या. "हजेरी गेली. आणि इंग्रजीत क आहे. तिथं निदान ब हवा."

"नासपतीला इंग्रजी येत नाही," छिंग-हो म्हणाला.

"शाखेला लागतं."

"डोळे तर जपानहून येतात. मग जपानीत घ्या परीक्षा. 'थंड जागी ठेवा' एवढं मला वाचता येतं." त्यानं बाईंच्या बुडाखालच्या खोक्याकडे बोट केलं. बाई जरा सरकून बसल्या.

"नाहीच झालं तर शहरातल्या खासगी शाळेत सौंदर्य शाखेला जागा असतात. केस कापणं वगैरे."

"चाकूच्या जागी कात्री," आजी म्हणाली. "माणसाचे केस पुन्हा उगवतात तरी."

तेवढ्यात रुओ-लिन शिडीवरून उतरली. चाकू पुसून म्यानात घातला. "बाई, मला फळबागच पाहिजे. त्यांच्या बागेत नव्या जातीची झाडं आहेत. स्वतःच्या डोळ्यावर गोड फळ धरतात. सहलीला गेलो तेव्हा मी खाऊन बघितलंय. ती झाडं कशी करतात ते मला शिकायचंय. मग आपल्याकडे दरवर्षी कलम करायला नको. पाऊस आला तर येऊ दे."

छिंग-होच्या तीन पिढ्या कलमावर जगल्या होत्या.

"मग मी हिवाळ्यात करू काय?" त्यानं विचारलं.

"झोपा," रुओ-लिन म्हणाली.

असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. बाकीच्यांनी आपापलं काम सुरू केलं, त्याला आमच्याकडे होकार म्हणतात.

फेब्रुवारीपासून ती गुणांच्या मागं लागली. समाजसेवेसाठी भूमिदेवाच्या देवळात झाडू मारायचा होता. देवस्थान समितीचे अध्यक्ष श्यु काका तासांवर शिक्का मारायचे. छिंग-हो नासपतीच्या वाळवलेल्या चकत्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेला.

"पोरगी बागेत राबतेय रे. जरा मार की शिक्का. सेवाच आहे ती."

"कुणाची सेवा?"

"घराची."

"घर समाजात येत नाही," श्यु काका चकती चघळत म्हणाले. "मला काय, मी मारीन. पण देव इथंच बसलाय माझ्या मागं."

तेव्हा बापाच्या बागेत पालापाचोळा साचलेला टाकून रुओ-लिन रविवारी देवळाचं अंगण झाडायला जाऊ लागली. अंगणात पानं पडायची ती शेजारच्या झाडांची, म्हणजे चान कुटुंबाचीच. बागेत झाडली असती तर एकही गुण नव्हता. तीच पानं कुंपण ओलांडून आली की समाज व्हायची.

शारीरिक क्षमतेत लांब उडी तिनं मारली, पोटाचे व्यायाम केले, धावण्यात शहरातल्या पोरींना मागं टाकलं. मग पाय लांब करून बसायचं आणि बोटं पावलांच्या पुढं न्यायची असा एक प्रकार निघाला. संबंध हिवाळा हात वर करून काढलेल्या पोरीची पाठ पुढं वाकेना. मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हळू दाबलं.

"आणखी खाली."

"एवढीच जाते, सर."

"शेतकऱ्याची पोर ना तू? वाकायची सवय असेल."

"भातवाल्यांना असते, सर. आम्ही वर बघतो."

त्या प्रकाराचे गुण तिला मिळाले नाहीत.

मार्चमध्ये दुसऱ्या वेळची कलमं फुलली. पांढरी फुलं, त्यामागून हिरव्या मण्यांसारखी फळं. घडातलं एक फळ ठेवून बाकीची खुडायची विरळणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्रात्यक्षिकाची तयारी. छाटलेल्या फांद्या बादलीतल्या वाळूत रोवून रुओ-लिन कलमं करायची. चाकू सपासप चालायचा. छिंग-हो डाव्या हातात चहाचा पेला घेऊन बघत असायचा.

"परीक्षेत दोन्ही करायचंय," तो म्हणाला. "कापायचं पण आणि बांधायचं पण. आई, जरा तिला पट्टी दे."

"तिच्या नखांनी फाटेल."

"आई, परीक्षा आहे."

आजीनं रिळ दिलं. रुओ-लिननं एक जोड बांधला. आजीनं तो उलटसुलट पाहिला, सोडला आणि स्वतः पुन्हा बांधला. "असं," ती म्हणाली. दुसऱ्याचंही तसंच झालं. तिसऱ्या वेळी रिळ आजीच्या कमरेला परत गेलं होतं आणि दोघी नेहमीसारख्या कामाला लागल्या होत्या, पुढं एक, मागं एक. बादल्या भराभर संपत होत्या. बघणाऱ्याला तयारी जोरात चालली आहे असं वाटलं असतं. बघणारा छिंग-हो होता आणि त्याला तसंच वाटलं.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवशी छिंग-होनं तिला छोट्या ट्रकमधून तालुक्याला नेलं. आजीनं डब्यात भात आणि वाळवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट दिलं आणि कधी नव्हे ते विचारलं, "मी येऊ?"

"पालकांना आत सोडत नाहीत, आजी."

"मी कुठं पालक आहे?"

विद्यालयाच्या मोठ्या शेडमध्ये लांब टेबलं मांडलेली. प्रत्येक उमेदवारापुढं कुंड्यांत लावलेले खुंट, एका ओल्या फडक्यात काड्या, पट्टीचं नवं रिळ. रुओ-लिनच्या उजव्या बाजूला शाओ-छी नावाचा शहरातला मुलगा होता. त्यानं आपली पेटी उघडली. आत कात्र्या, हातमोजे, निर्जंतुक करायची बाटली, सगळं रांगेत.

"तू कुठल्या शिकवणीला होतीस?" त्यानं हळूच विचारलं.

"कसल्या?"

"कलमाच्या. आम्हाला आधी प्लॅस्टिकच्या काड्या देतात, मग विलो झाडाच्या. खरी नासपती मी आजच बघतोय."

"मग आज जरा जपून काप," रुओ-लिन म्हणाली. "ती जरा टणक असते."

परीक्षक फान सर होते, याच विद्यालयात केस पिकलेले. त्यांनी सूचना वाचल्या, घंटा वाजवली.

रुओ-लिनचा हात सुटला. चीर, पाचर, सालीला साल, पुढची कुंडी. चीर, पाचर, सालीला साल. शेजारी शाओ-छीनं आधी बाटली फवारली, मोजे घातले, फडकं चौकोनी पसरलं. तो पहिल्या काडीची पाचर दोनदा मोजत होता तेव्हा ती निम्म्यावर होती. टेबलाभोवती फिरणाऱ्या एक परीक्षक बाई तिच्यामागं थांबल्या आणि त्यांनी दुसऱ्या परीक्षकांना भुवईनं खुणावलं. रुओ-लिनला ते दिसलं नाही. ती पुढं बघत होती. शेवटच्या कुंडीत काडी बसवून तिनं चाकू पुसला, म्यानात घातला आणि शिडी सरकवायला हात लांब केला.

शिडी नव्हती.

मग तिला मागची शांतता ऐकू आली. चर्र नव्हतं, टच्चही नव्हतं. मागं कुणी नव्हतंच. ती वळली. सगळ्या कुंड्यांत काड्या नीट, ताठ बसलेल्या होत्या आणि सगळे जोड उघडे होते. पहिल्या कुंडीवरची कापलेली साल वाळून तपकिरी व्हायला लागली होती.

तिनं रिळ उचललं. नवं रिळ, त्याचं टोकच सापडेना. नखानं खरवडलं, पट्टी उभी चिरली. दुसऱ्यांदा ओढली, जास्त ताणली गेली, तुटली. हात घामानं निसरडे झाले. कधी आजीला करताना पाहिलं होतं तसं तिनं टोक दातांत धरलं आणि गुंडाळायला लागली. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याची काडीच हलून बाहेर आली. ती परत बसवावी लागली. शाओ-छीच्या टेबलावर तोवर पांढऱ्या पट्ट्यांची नीटस रांग उभी राहत होती.

घंटा वाजली तेव्हा तिची निम्म्याहून जास्त कलमं उघडी होती.

फान सर तिच्या टेबलाशी आले. वाकून एका चिरेवर बोट फिरवलं. "चाकू कुणी शिकवला?"

"बाबांनी."

"आणि पट्टी?"

तिनं हातातलं रिळ टेबलावर ठेवलं.

"पट्टी दातांत धरलीस. त्याचे गुण जातील," ते म्हणाले. "ते सोड. पण उघडं कलम म्हणजे सरपण. इतकं चांगलं कापलेलं सरपण मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही."

बाहेर छिंग-हो ट्रकच्या टपावर डबा ठेवून वाट बघत होता. तिनं सांगितलं. त्यानं अंगठ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं.

"सरांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी असतो तरी शून्य दिला असता."

"त्यांनी शून्य नाही दिला."

"चांगला माणूस दिसतो."

बाजूच्या दारानं शाओ-छीला जागा मिळाली. त्याच्या काड्यांना पालवी फुटेल की नाही हे कळायला वेळ लागणार होता, पण निकालाला तेवढा धीर नव्हता. रुओ-लिनचं नाव नव्हतं. संध्याकाळी जेवताना ही बातमी कुणीतरी आजीला सांगायची होती. रुओ-लिननंच सांगितली.

"मी कापत गेले. मला वाटलं, मागून तू येतेयस."

आजीनं वाडगा खाली ठेवला. सकाळी रुओ-लिन शाळेला निघाली तेव्हा तिच्या दप्तरावर पट्टीचं रिळ ठेवलेलं होतं. वापरून निम्मं झालेलं, आजीच्या कमरेच्या आकाराला आलेलं.

आता पुढचं दार उरलं, म्हणजे मे महिन्यातली परीक्षा, म्हणजे इंग्रजी.

ल्याओ बाईंनी हिशेब समजावला: हजेरीचे गेले ते गेले, चिनी आणि शास्त्र बरं आहे, गणित काठावर, इंग्रजी ब झालं तर आशा आहे, नाही तर केस कापणं. वाचायचं तिला थोडंफार जमत होतं, पण ऐकून उत्तर द्यायच्या भागात ती पार गळपटायची. बाईंनी जुन्या परीक्षांची ध्वनिफीत दिली. "रोज ऐक. कानाला सवय व्हायला हवी."

"कधी ऐकू, बाई? शाळेतून आलं की बागेत पिशव्या चढवायच्या असतात." फळं मोठी व्हायला लागली की प्रत्येक फळावर कागदी पिशवी चढवावी लागते, नाही तर माशी आणि माकडं आधी जेवतात.

माकडांवरून छिंग-होला सुचलं. बागेच्या मधोमध खांबावर त्याचा भोंगा होता. माकडं पळवायला त्यावर दिवसभर रेडिओ लावायचा. जुनी गाणी, हवामान, औषधांच्या जाहिराती. माकडांना त्याची इतकी सवय झाली होती की हवामान लागलं की ती खाली उतरायची. त्यानं रेडिओ काढला आणि ध्वनिफीत जोडली. आवाज पूर्ण मोठा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या खोऱ्यात एक गोरी बाई इंग्रजीत विचारू लागली की वाचनालय कुठं आहे. एक गोरा माणूस सांगू लागला की सरळ जा आणि बँकेपाशी डावीकडे वळा. आमच्या खोऱ्यात बँक नाही. माकडं फांद्यांवर ताठ झाली आणि चढाच्या दिशेनं पसार झाली.

रुओ-लिन पिशव्या चढवायची आणि मोठ्यानं उत्तरं द्यायची. "क! नाही, ब! ब!" पिशवीची तार मुरडायची. "पुन्हा लावा, बाबा!"

पलीकडच्या झाडावरून आजी विचारायची, "ती बाई अजून वाचनालयच शोधतेय?"

"आता दवाखाना शोधतेय."

"काल पण आजारीच होती. हिला घरचं कुणी नाही का?"

चौथ्या-पाचव्या दिवशी श्यु काका आले. तोंड वाकडं करून.

"छिंग-हो, तुझ्या इंग्रजीला भिऊन तुझी माकडं माझ्या बागेत आलीत."

"मग तू पण लाव."

"मला काय परीक्षा द्यायचीय? बंद कर तो भोंगा."

"परीक्षा होईपर्यंत नाही," छिंग-हो म्हणाला. आवाज शांत होता. "अरे, शिक्का मागितला तेव्हा तू देव दाखवलास. आता पोरगी ऐकतेय. ही पण सेवाच समज."

"कुणाची?"

"माकडांची. शिकली तर बिघडलं कुठं?"

श्यु काका भुणभुणत गेले. पण त्यांचा नातूही आठवीत होता. काही दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की भोंग्याचं तोंड जरा त्यांच्या घराकडे वळवावं.

पाऊस आला तरी ध्वनिफीत चालू होती. ल्याओ बाई शनिवारी येऊन शब्द विचारायच्या. त्यांनी आता काळे रबरी बूट घेतले होते. आणि दिवसाचं शेवटचं काम म्हणून रुओ-लिन छाटलेल्या फांद्यांवर पट्टी गुंडाळायची. ते आता कुणी विचारत नव्हतं, कुठल्या परीक्षेत येणार नव्हतं. आजी शेजारी बसून शेंगा सोलायची. बघायची, पण सोडून पुन्हा बांधायची नाही. कधीतरी एखादा जोड हातात घेऊन अंगठ्यानं दाबायची आणि ठेवून द्यायची. एकदा फक्त म्हणाली, "पट्टीच्या पुढं हात नको. पट्टी तुला ओढते तिकडं जा."

मोठ्या परीक्षेत ऐकण्याचा भाग सुरू झाला तेव्हा रुओ-लिन जरा बिचकली. हॉलमध्ये फारच शांत होतं. माकड नाही, वारा नाही, आजी नाही. मग तीच गोरी बाई बोलू लागली आणि तिला ओळख पटली. बाईची या वेळी छत्री हरवली होती. रुओ-लिनचं बोट नकळत तार मुरडल्यासारखं हललं आणि तिनं उत्तराचा गोल भरला.

निकाल आला तेव्हा नासपतीचा तोडा तोंडावर होता. इंग्रजीत ब. गणितातही ब. ल्याओ बाईंनी फोनवर ओरडून सांगितलं. छिंग-हो पेट्या खिळत होता, त्यानं हातोडी अंगठ्यावर मारली, जुन्याच. जुलैमध्ये प्रवेश लागले. फळबाग शाखेत रुओ-लिन शेवटच्या काहींत होती, पण होती. श्यु काकांनी देवळात फटाके लावले आणि सगळ्यांना सांगितलं की पोरीनं त्यांच्या अंगणातून सुरुवात केली.

पुढच्या हिवाळ्यात शेतकी विद्यालयाच्या बागेत पहिल्या वर्षाच्या मुलांना कलमाला उतरवलं. खरी झाडं, खऱ्या शिड्या, वरून भुरभुर पाऊस. फान सरांनी जोड्या लावल्या. रुओ-लिनला मिळाला शाओ-छी. सरांनी हे मुद्दाम केलं असं काहींचं म्हणणं आहे. सर म्हणाले, हजेरीपटाच्या क्रमानं.

"चाकू कोण घेतंय?" सरांनी विचारलं आणि रुओ-लिनकडे पाहिलं.

"तो घेईल, सर," ती म्हणाली आणि खिशातून रिळ काढून कमरेला लावलं.

शाओ-छी चाकू घेऊन शिडीवर चढला. हातमोजे यंदा त्यानं घातले नव्हते. पहिली चीर जरा तिरकी गेली. त्यानं काडी बसवली, काढली, पुन्हा बसवली. पुढच्या फांदीकडे सरकला, थांबला आणि वळून पाहू लागला.

"तिरकी झालीय ना?"

"झालीय."

"मग पुन्हा करू?"

"मागं काय बघतोस?" रुओ-लिन म्हणाली. "पुढं चल. मागं मी आहे."

तिनं पट्टी ताणली. चीर तिरकी होती म्हणून एक वेढा जास्त घेतला, अंगठ्यानं दाबला आणि पट्टी तोडली. टच्च. तो आवाज ऐकून वरचा चाकू पुढच्या फांदीवर चालू लागला.